चाकाखालचा दगड आणि मी

मित्रांनो, मी एक जुना हँडब्रेक आहे, आणि मला राग आला आहे. आपले आयुष्य सांगणाऱ्याने गोड बोलावे, जन्माचे कौतुक करावे, शेवटी डोळे पुसावेत अशी रीत आहे. मला ते जमणार नाही. ज्याला वर्षानुवर्षे कोणी हात लावला नाही आणि मग एके दिवशी सगळा दोष ज्याच्या माथी मारला, त्याने गोड बोलायचे तरी कशासाठी?

तुम्ही मला पाहिले आहे. मोटारीत पुढच्या दोन सीटांच्या मधोमध जो दांडा असतो ना, तो मी. त्याच्यावर तुम्ही कोपर टेकता, भाजीची पिशवी अडकवता, ओला रुमाल वाळत घालता. मला वर ओढले की आतल्या लोखंडी दात्यांवर कट्कट् आवाज करत मी चढतो आणि माझी तार ताणली जाते. ती तार गाडीच्या पोटाखालून मागच्या दोन्ही चाकांपर्यंत जाते आणि त्यांना आवळून धरते. सोडायचे असेल तेव्हा मला जरासे उचलायचे, टोकाचे बटण दाबायचे आणि खाली न्यायचे. एवढेच शिक्षण आहे, याला कॉलेज लागत नाही.

पायाचा ब्रेक आणि मी, आमची कामे वेगळी आहेत. त्याचे काम चालती गाडी थांबवणे. थांबलेली गाडी थांबलेलीच ठेवणे हे माझे काम. पायाच्या ब्रेकला माणसाचा पाय लागतो. माणूस उतरून गेला की गाडी सांभाळायला मी उरतो. हे ज्याला कळत नाही त्याने गाडीची किल्ली हातात घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कोणाला ते उद्धट वाटले तर वाटो.

माझे बरे दिवसही होते. माझी पहिली मालकीण निकिताबाई. परभणीच्या एका शाळेत त्या शिकवत. गाडी थांबली की त्या पायाचा ब्रेक दाबून धरत, मला वर ओढत, किल्ली बंद करत आणि मग गिअर टाकून ठेवत. चढावर तोंड असेल तर पहिला, उतारावर तोंड असेल तर रिव्हर्स. मग हळूच पाय काढून गाडी जागची हलत नाही ना, ते बघत. आणि मगच दार उघडत. निघताना आधी समोरचा लाल दिवा बघत. मी वर असलो की तो पेटतो. मला खाली केल्यावर तो विझला, की मग गाडी पुढे. त्यांच्या मैत्रिणी हसत. म्हणत, "किती गं तुझं सोवळं!" बाई तरीही दिवा बघूनच निघत. त्यांच्या हातात मी तेलपाणी केल्यासारखा मऊ चालत होतो. पुढे त्यांची बदली झाली, गाडी विकली गेली आणि माझे नशीब फिरले.

नवे मालक दिनकरराव जिंतूर तालुक्यातले. सोयाबीन आणि कापसाची मोठी शेती, घरात राबता, गावात शब्दाला मान. माणूस वाईट नव्हता, हे मी रागातही सांगतो. गावात कोणाला साप चावला, कोणाची लेक बाळंत व्हायची असली, तर दिनकरराव चहाचा कप खाली ठेवून गाडी काढत. पण गाडी आणि बैल यांत फरक असतो, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. सांगितले असते तरी त्यांनी ऐकले नसते.

पहिल्याच आठवड्यात ते मला न सोडता जिंतूरला निघाले. समोर लाल दिवा ढळढळीत पेटलेला. दिनकररावांना वाटले, गाडी चालू आहे म्हणून दिवा लागला आहे. मागची चाके मी आवळून धरलेली, इंजिन ओढतंय, मी धरतोय. निम्म्या वाटेत जळका वास सुटला आणि चाकांतून धूर निघाला. त्यांनी खाली उतरून बाटलीभर पाणी चाकावर ओतले आणि रस्त्यात जमलेल्या लोकांना सांगितले, "हे हँडब्रेक लय वंगाळ हाय."

मी वंगाळ. दिवा न बघणारे शहाणे आणि मी वंगाळ!

मग त्या पावसाळ्यात गाडी शेतातल्या पत्र्याखाली बरेच दिवस ओढलेल्या ब्रेकवर उभी राहिली आणि चाकांत गंज धरून थोडी अडकली. एका झटक्याने सुटलीसुद्धा. पण चहाच्या टपरीवर कोणीतरी अक्कल शिकवली, की हँडब्रेक ओढायचाच नाही, तो जाम होतो. झाले. त्या दिवसापासून माझ्या घरात नवा गडी आला. दगड.

काळा, चपटा, एका बाजूने उतरता असा तो दगड दिनकररावांनी नदीतून निवडून आणला होता. तो डिकीत पोत्यावर बसून प्रवास करायचा. गाडी कुठेही थांबली की चालवणारा त्यांचा मुलगा राम पायाचा ब्रेक दाबून बसायचा, दिनकरराव स्वतः उतरून डिकीतून दगड काढायचे आणि चाकाला लावायचे. मग राम हळूहळू पाय सोडायचा. गाडी दगडावर टेकली की सगळे उतरायचे. गिअर टाकून ठेवायचा तर तेही नाही. कारण एकदा रामने गिअरमध्येच किल्ली फिरवली आणि गाडीने उडी मारली. तेव्हापासून गिअरही वंगाळ. गाडी न्यूट्रल, मी खाली, आणि सगळा भरवसा त्या दगडावर.

दसऱ्याला गाडीची पूजा झाली. कमलबाईंनी, म्हणजे दिनकररावांच्या पत्नीने, बॉनेटला हार घातला, स्टिअरिंगला कुंकू लावले, आणि मग डिकी उघडून दगडालाही हळदकुंकू लावून त्याच्यावर झेंडूचे फूल ठेवले. माझ्यावर कुणाची तरी टोपी अडकवलेली होती. मित्रांनो, मला फूल नको होते. महिन्यातून चार वेळा ओढले असते तरी पुरे होते. न वापरलेली तार आतल्या आत गंजते, पाणी धरते, तिच्या नळीत अडकून बसते. मी गंजत होतो आणि माझ्या पुढ्यात एका धोंड्याला झेंडू वाहिला जात होता.

घरात एकच माणूस असा होता ज्याला माझे काम ठाऊक होते. रामची बायको राजेश्री. तिचे माहेर पूर्णा, वडील तिथल्या जंक्शनवर रेल्वेत. उभ्या डब्यांना ब्रेक लावल्याशिवाय जागा सोडायची नाही, हे घरात लहानपणापासून ऐकलेले. लग्नाआधी ती गाडीही शिकली होती. पण सासरी आल्यावर तिला मागच्या सीटवर बसवले आणि पुढे बाळ झाल्यावर तर ती जागा कायमचीच झाली. ती अधूनमधून म्हणायची, "आवो, दगड लावा की, पर हँडब्रेकबी वढा. दोन्ही लावलेलं काय वाईट हाय?"

राम म्हणायचा, "जाम व्हतंय ते. तुला कशाला फिकीर? दगड हाय ना."

अशी काही वर्षे गेली, आणि एका पौषात नातीसाठी बोललेला रोडग्यांचा नवस फेडायला सगळे घर चारठाण्याच्या पुढच्या माळावर गेले. नातीचे नाव अर्पिता. तिला पावसाळ्यात न्यूमोनिया झाला होता, त्यातून ती उठली म्हणून मारुतीला रोडगे. तुम्हाला माहीतच आहे, गोवऱ्यांच्या आरावर कणकेचे गोळे भाजायचे, वांग्याची भाजी आणि वरण चुलीवर करायचे आणि झाडाखाली पंगत बसवायची. माळ ओढ्याच्या बाजूला उतरता होता. रामने गाडी वरच्या अंगाला, उताराकडे तोंड करून लावली. दिनकररावांनी पुढच्या चाकाखाली दगड सारला. मी खालीच.

खाली उतारावर एका बाभळीच्या सावलीत केवळाबाई बसली होती. ती आणि तिचा नवरा बिरू मेंढरे घेऊन त्या माळावर असत. आई मेलेल्या एका कोकराला ती मांडीवर घेऊन बाटलीने दूध पाजत होती. बिरू बाकीची मेंढरे घेऊन ओढ्यापलीकडे गेला होता. दिनकररावांनीच तिला हाक मारून सांगितले होते, "जेवून जा गं बाई, रोडगे हायेत."

इकडे चुलीपाशी कमलबाईंची अडचण झाली. वरणाचे मोठे पातेले, आणि चुलीला दगड दोनच मिळाले. तो माळ मुरमाचा. हाताशी येणारे सगळे धोंडे हातातच फुटणारे.

"राम, तिसरा दगड बघ की कुठं. पातेलं कलंडायलंय."

रामने इकडेतिकडे पाहिले. आणि मग त्याला आठवले, की उत्तम, काळा, चपटा दगड आपल्यापाशी आहे. चाक मुरमात जरासे रुतले होते, त्यामुळे दगड काढला तरी गाडी जागची हलली नाही. राम म्हणाला, "बघा, गाडी हालतबी न्हाई." दिनकररावांनी मान डोलावली. दगड चुलीला गेला. त्याच्यावर पातेले चढले. सगळे खूश झाले.

मी तिथेच होतो. हाताच्या अंतरावर. माझ्याकडे बघायचीसुद्धा कोणाला गरज वाटली नाही. तेव्हा मला जो संताप आला, तो आजही उतरलेला नाही.

थोड्या वेळाने अर्पिता रडू लागली. राजेश्री तिला पाजायला म्हणून गाडीत येऊन मागच्या सीटवर बसली. दगड चुलीखाली गेला आहे, हे तिला माहीत नव्हते, कारण ती तेव्हा गोवऱ्या आणत होती. ती बसली, तिने दार ओढून घेतले. त्या हिसक्याने चाक मुरमातून सुटले.

सुरुवातीला गाडी इतकी हळू सरकली, की राजेश्रीला वाटले, आपल्यालाच गरगरते आहे. मग बाहेरची झाडे मागे जाऊ लागली. पुढच्या सीटवर कोणी नव्हते. पायाचा ब्रेक पुढे, ती मागे, छातीशी पोर. ओरडून काही होणार नव्हते आणि ती ओरडली नाही. तिने एका हाताने पोर घट्ट धरली, दोन सीटांच्या मधून पुढे वाकली आणि दुसऱ्या हाताने मला ओढले.

कित्येक वर्षांनी कोणाचा तरी हात मला लागला होता. मी पूर्ण ताकदीने वर आलो. पण माझी तार, मित्रांनो, उजव्या चाकाकडे जाणारी तार तिच्या नळीत गंजून चिकटली होती. ती हललीच नाही. डावे चाक तेवढे धरले गेले. एक चाक थांबले, दुसरे पळत राहिले. गाडी वेडीवाकडी होत डावीकडे फिरली, बाभळीच्या खोडावर आदळली आणि थांबली.

फिरली नसती तर ती सरळ केवळाबाईच्या अंगावरून ओढ्यात गेली असती. फिरली म्हणून फक्त तिच्या पायावरून गेली. तिने कोकरू बाजूला फेकले होते. ते वाचले. स्वतःचा पाय काढून घ्यायला मात्र तिला वेळ मिळाला नाही.

फक्त पाय, असे नंतर लोक म्हणाले. हा शब्द ऐकला की माझ्या दात्यांवर दाते चढतात. पाय हेच जिचे पोट आहे, मेंढरांमागे चालणे हेच जिचे काम आहे, तिचा फक्त पाय.

राजेश्री आणि पोर सुखरूप होत्या. केवळाबाईला वाटेने जाणाऱ्या टेम्पोत घालून जिंतूरच्या दवाखान्यात नेले. दिनकरराव सोबत गेले, दिवसभर बसले, सगळी धावपळ केली. आणि तिथे विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगितले, "हँडब्रेक फेल झाला."

मी फेल झालो! जो कधी वर्गात बसवलाच नाही तो नापास झाला! चार लोकांत ही गोष्ट पसरली, आणि घरी येईपर्यंत तिला आणखी एक फांदी फुटली. कमलबाई म्हणाल्या, "सून गाडीत बसली व्हती, तिनंच कायतरी वढलं म्हणं."

राजेश्री पोरीला झोळीत घालत होती. ती वळून म्हणाली, "हो, म्याच वढलं. वढलं म्हणून बाई जित्ती हाय. दगड काढताना कोणी वढलं असतं तर तिचा पायबी राहिला असता." दिनकरराव पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटले.

गाडी मिस्त्रीकडे गेली. त्याने माझी जुनी तार बाहेर ओढली. तांबड्या गंजाचा भुगा जमिनीवर पडला. मिस्त्री रामला म्हणाला, "वापरायचंच न्हाई म्हणल्यावर दुसरं काय व्हणार? रोज वढत जावा, सोडत जावा. चालतं राहतंय." त्याने नवी तार घातली, चाके साफ केली, मला ओढून दाखवले. दोन्ही चाके जागच्या जागी घट्ट. राम हो हो म्हणाला. मला वाटले, आता तरी. घरी आल्यावर दिनकररावांनी डिकी उघडली. चुलीत काळवंडलेला तो दगड त्यांनी धुऊन पुन्हा पोत्यावर ठेवला.

तुम्हाला वाटेल, हा हँडब्रेक एका दगडावर किती जळतो. दगडावर माझा राग नाही. त्याला जिथे ठेवला तिथे तो बसला. माझा राग त्या हातांवर आहे, ज्यांना वाकून दगड लावण्याचे कष्ट चालतात, पण बसल्या जागी मला ओढणे जिवावर येते.

केवळाबाईला प्लास्टर घालून घरी सोडल्यावर दिनकरराव तिला भेटायला निघाले. सोबत लुगडे, नारळ, फळांची पिशवी. आणखी एक काम मनात होते, ते त्यांनी वाटेत रामला बोलून दाखवले. गावात लोक दगडाची गोष्ट कुजबुजत होते. बिरूने एकदा चार लोकांत सांगावे, की ब्रेकच फेल झाला, म्हणजे विषय मिटेल. मागे कमलबाई आणि पोरीला घेऊन राजेश्री बसल्या होत्या. राजेश्री खिडकीबाहेर बघत होती.

बिरूची वस्ती एका उताराच्या पायथ्याशी होती. कुडाचे घर, पुढे सारवलेले अंगण, शेजारी मेंढरांची वाघूर, म्हणजे जाळीचे कुंपण. अंगणात गोधडीवर पाय पसरून केवळाबाई बसली होती. रामने गाडी वरच थांबवली, तोंड अंगणाकडे. नेहमीप्रमाणे त्याने पायाचा ब्रेक दाबून धरला. नेहमीप्रमाणे दिनकरराव उतरले, डिकीतून दगड काढला आणि पुढच्या चाकाशी वाकले.

केवळाबाईने मान वर केली. तिला गाडीचे तोंड दिसले. आपल्याकडे रोखलेले.

 तिने दोन्ही हात मागे टेकले आणि प्लास्टरचा पाय ओढत ती मागे सरकू लागली. गोधडी तिच्याखालून निघून गेली. सारवलेल्या जमिनीवर प्लास्टरची रेघ उमटत गेली. बिरू धावत आला, तिला उचलू लागला, पण ती त्याचा हात झिडकारून सरकतच राहिली. सरकता सरकता ती वर बघून म्हणाली, "मालक, जरा थांबा. म्या बाजूला व्हते. मंग लावा गाडी."

मालक. थांबा. म्या बाजूला व्हते. ज्यांनी तिचा पाय मोडला त्यांची गाडी लावायला ती जागा करून देत होती.

दिनकरराव वाकलेलेच राहिले. दगड त्यांच्या दोन्ही हातांत होता. त्यांनी तो चाकाखाली ठेवला नाही आणि खालीही टाकला नाही.  मग उभे राहून खिडकीपाशी आले. 

"राम, वढ ते."

"काय?"

"हँडब्रेक वढ. आन् गिअर टाक."

राम गोंधळला. मागून राजेश्री शांतपणे म्हणाली, "पाय दाबूनच ठेवा. आधी ते वर घ्या. आता किल्ली बंद करा. रिव्हर्स टाका. आता पाय हळू सोडा." रामने तसे केले. मी कट्कट् करत चढलो. नवी तार ताणली गेली, दोन्ही चाके मी अशी धरली की गाडी केसभरही हलली नाही. इतक्या वर्षांत मला पहिल्यांदा माझे काम करू दिले होते.

दिनकरराव अंगणात उतरले. बिरूला ते म्हणाले, "ब्रेक फेल झाला नव्हता, बिरू. दगड आमीच काढला. ब्रेक आमी लावलाच नव्हता." बिरूने नुसती मान हलवली. त्याला ते पहिल्यापासून माहीत होते.

तुम्ही म्हणाल, मग आता राग कशाला? शेवट चांगला झाला की. मित्रांनो, नाही झाला. मला ओढायला माणसाला किती लागावे, याचा विचार करा. कोणाचा तरी पाय मोडावा, ती जमिनीवर घसटत जाताना दिसावी, तेव्हा कुठे एक हात माझ्यापर्यंत पोहोचतो. तुमच्या घरी गाडी असेल तर आज बाबांना विचारा, काकांना विचारा, आईला विचारा. उतरण्याआधी दांडा वर आहे का? गिअर टाकला का? निघताना लाल दिवा विझला का? ते हसतील, म्हणतील किती सोवळं. हसू द्या. तुम्ही दार उघडू नका.

आणि माझ्या चांगल्या कामाचे कौतुक तर मुळीच करू नका. त्या दिवशी मी दोन्ही चाके पूर्ण ताकदीने धरली होती, गाडी इंचभरही हलणार नव्हती, आणि तरी केवळाबाई थांबली नाही. दिनकरराव म्हणाले, "बाई, आता हालत न्हाई गाडी, बस." बिरू म्हणाला, राजेश्री म्हणाली. ती हो म्हणाली आणि सरकतच राहिली, घराच्या भिंतीमागे जाऊन गाडी दिसेनाशी होईपर्यंत.